आई चौदा महिने तिच्यासाठी डबा देतेय आणि ती राहते तंजावरला

टाक_बोरू | सोमवार, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी वाईची, वय २०. साताऱ्याला इतिहास घेऊन बी.ए. करतेय, दुसरं वर्ष. रोज एसटीने जाऊन-येऊन. मागच्या वर्षी दहा दिवसांच्या वर्गात मोडी लिपी शिकले. वर्ग संपल्यावर सरावासाठी सरांनी टेलिग्रामवर गट काढला. दर रविवारी एक जुना कागद पडतो, ज्याने त्याने लिप्यंतर करायचं आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. तिथे एकदा एका पत्रातलं 'छ ५ जिल्हेज' मी 'सहा ५ जिल्हेज' असं वाचून टाकलं. हिंदीतला छह वाटला मला. गटात दीडशे माणसं, कोणी चकार शब्द काढला नाही. रात्री एका मुलीचा वेगळा मेसेज आला. मराठीच, पण रोमनमध्ये लिहिलेला. 'छ म्हणजे चंद्र गं, त्या महिन्याची चंद्रतिथी. मी पण आधी सहाच वाचलं होतं. कोणाला सांगू नकोस.'

ही कावेरी (नाव बदललंय). वय २२, राहणार तंजावर. पिढ्यान् पिढ्या तिथलीच. घरात मराठी, शाळा तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी ती मोडीच्या जेमतेम वर्षभर आधी शिकली. तिचे आजोबा म्हणायचे, आपल्या लोकांचे कागद इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात पडलेत आणि घरात एकालाही वाचता येत नाहीत. म्हणून ही शिकायला लागली. तेव्हापासून आम्ही रोज बोलतो. कागदाबद्दल निम्मं, बाकी सगळं. माझी इतकी जवळची मैत्रीण साताऱ्यात नाही आणि वाईतही नाही.

आता घोळ. सुरुवातीलाच एकदा रात्री मी फोनवर हसत होते तेव्हा आईने विचारलं, कोण गं? मी म्हटलं, कावेरी. कॉलेजातली आहे का? मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही, तोंडातून गेलं. कुठली? म्हटलं, लांबची आहे, हॉस्टेलला राहते. आई म्हणाली, म्हणजे घरचं जेवण नाही पोरीला.

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन पोळ्या जास्त.

तेव्हापासून चौदा महिने झाले. दोन पोळ्या, भाजी जास्तीची, सणाला वेगळा डबा. संक्रांतीला लाडू. 'कावेरीला आवडली का भाजी?' हे आठवड्यातून दोनदा. मी म्हणते, आवडली.

पुढच्या महिन्याच्या २३ तारखेला कावेरी पुण्यात मोडीच्या पुढच्या वर्गाला येतेय. वर्ग झाल्यावर दोन दिवस वाईला यायचं म्हणते. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि ती वसईची घंटा बघायचीय तिला. उतरणार कुठे? माझ्याच घरी. ती विचारतेय, तुझ्या आईला काय आणू?

घरी आता सांगायलाच हवं. कसं सांगू? बाबांचं बाजारपेठेत इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ते फार ओरडत नाहीत, पण मोबाइलवरची ओळख म्हटलं की रोज पेपरात वाचलेलं सगळं त्यांना आठवतं.

---

कट्टेकरी | सोमवार, रात्री ११:२१

रुमाल टाकून ठेवतो.

दोन प्रश्न. एक, चौदा महिने त्या पोळ्या खाल्ल्या कोणी? दोन, लाडू कसले होते?

---

निवृत्त_पण_प्रवृत्त | मंगळवार, सकाळी ६:०२

बाईसाहेब, मी दोन मुलींचा बाप आहे आणि बँकेत तेहतीस वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. आपण या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ती मुलगी आहे, बावीस वर्षांची आहे, तंजावरची आहे, हे सर्व तिनेच सांगितलेले. आणि अशा व्यक्तीला आपण घरी उतरवणार. आपल्या वडिलांना पेपरातले आठवते यात त्यांचे काय चुकले?

आईवडिलांना कसे पटवावे हा प्रश्न नंतरचा. आधी आपल्याला काय माहीत आहे ते कागदावर मांडा. माहितीपेक्षा विश्वासच जास्त निघाला तर घाई करू नका.

---

टाक_बोरू | मंगळवार, सकाळी ७:४०

एसटीतून लिहितेय, चुका पोटात घाला.

@कट्टेकरी, पोळ्या हॉस्टेलच्या दोघी खातात. जतच्या आहेत, माझ्याच वर्गात. त्यांना सगळं माहितेय. सकाळी विचारतात, 'आज कावेरीला काय आहे?'

@निवृत्त काका, राग नाही आला. व्हिडिओवर आम्ही शंभरेक वेळा बोललोय. तिची आई मागून ये-जा करते, एकदा डांगर पचडी करताना मला दाखवत होती. आमच्या सरांच्या सरांनी तंजावरला तिला प्रत्यक्ष शिकवलंय. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, हे सगळं मला माहितेय. घरी कोणालाच नाही.

---

सांजवात | मंगळवार, दुपारी २:१५

काका जरा कडक बोलले, पण मी त्यांच्या बाजूने अर्धी आहे. अर्धी का ते सांगते.

माझी मावसबहीण, वय पंचेचाळीस, क्रोशाच्या एका गटात होती. तिथे परदेशातली एक 'मैत्रीण' मिळाली. सहा महिने रोज सुप्रभात, नमुन्यांची देवाणघेवाण, सासूच्या तक्रारी. मग मैत्रीण म्हणाली, तुला भेट पाठवलीय. दोन दिवसांनी कस्टममधून म्हणून फोन, पार्सल अडकलंय, इतके भरा. मग अजून इतके. ४०,००० गेले. सगळ्यात वाईट काय झालं सांगू? ही मैत्रीणच घरी कोणाला माहीत नव्हती. पैसे भरताना नवऱ्याला विचारायचं तर आधी सहा महिन्यांचं सांगावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. चौथ्या दिवशी माझ्याकडे रडली, तेव्हा आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली. तोवर पैसा चार खात्यांतून पुढे गेला होता. लगेच कळवलं तर मधल्या खात्यात रक्कम अडवता येते. उशीर झाला की हात चोळत बसायचं.

तर मुली, तुझी कावेरी खरी आहे असं मला वाटतं. पैसे मागितले नाहीत, फोटो मागितले नाहीत, 'कोणाला सांगू नकोस' म्हणाली ते एका अक्षराबद्दल, आणि मधे ओळखीचे गुरुजी आहेत. पण जी खोटी असते तिला तुझं हे लपवणंच उपयोगी पडतं. आई ओरडेल म्हणून सांगत नाहीस ना? ओरडू दे. ओरडणारी आई घरात असलेली बरी.

आणि पहिली भेट पुण्यात वर्गाच्या जागी होऊ दे, वडील बरोबर असू देत. वाई त्यानंतर.

---

खानदेशी_ठेचा | मंगळवार, दुपारी ३:०५

सांजवातताईंना अनुमोदन.

फक्त एक शंका. डांगराची पचडी? आमच्या जळगावकडे डांगर म्हणजे भोपळा. भोपळ्याची पचडी लागते कशी?

---

सांजवात | मंगळवार, दुपारी ३:१२

ते डांगर नव्हे हो. उडदाच्या पिठाचं डांगर, ताक-दही घालून, वर फोडणी. आमच्याकडे कच्चा कांदा पडतो. म्हणजे तंजावरला जाऊनही डांगर तेच राहिलं म्हणायचं.

---

खानदेशी_ठेचा | मंगळवार, दुपारी ३:३०

आता पटलं. बरं, मुद्द्याचं. दोघांना एकत्र बसवून सांगू नकोस. आमच्या घरी 'मला तुमच्याशी बोलायचंय' म्हटलं की आई पदर सावरून बसते आणि बाप टीव्हीचा आवाज बंद करतो. मग साधी गोष्टसुद्धा कोर्टात उभी राहिल्यासारखी होते. आईचे हात कामात असताना सांग. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना. तोंडाकडे बघावं लागत नाही, तिलाही आणि तुलाही.

---

गोंयकार_पात्रांव | मंगळवार, रात्री ९:४४

माझा अनुभव जुना आहे. २००६, ऑर्कुट जोरात. मडगावच्या एका कॅफेत तासाला तीस रुपये देऊन बसायचो. नाट्यसंगीताच्या कम्युनिटीत नागपूरचा एक मुलगा भेटला, आमची रोज वादावादी. वर्षभराने तो गोव्याला यायला निघाला. मी पप्पांना सांगितलं, कॉम्प्युटरवरचा मित्र येतोय.

पप्पांनी इंटरनेटबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, 'कोणालो तो?' म्हणजे कोणाचा मुलगा. आमच्या गावात कुठल्याही पोराला पहिला प्रश्न हाच असतो, तूं कोणालो? अमक्याचा म्हटलं की त्याच्या आजोबांचा बागायतीचा तंटासुद्धा आठवतो लोकांना. मित्र कॉम्प्युटरवरचा आहे याने पप्पांना काही फरक पडत नव्हता. त्याला कुठे ठेवावं ते कळेना. वाडा नाही, घर नाही, मामा नाही, नुसतं नाव आणि फोटो. मी चार दिवस त्यांना इंटरनेट किती सुरक्षित आहे ते समजावत बसलो. चुकीच्या पेपराचा अभ्यास.

शेवटी काय झालं, नागपूरच्या त्या मुलाचे वडील रेल्वेत निघाले आणि पप्पांचा एक मित्र रेल्वेत होता. दोघांची गाठ कधी पडली असेल-नसेल देव जाणे, पण 'रेल्वेतला' म्हटल्यावर पप्पा स्टेशनवर घ्यायला आले.

ऑर्कुट २०१४ ला बंद पडलं. आमची वादावादी चालू आहे.

---

बे_एरिया_बाळ्या | मंगळवार, रात्री ११:५० (तुमची)

आमच्याकडे गंगा उलटी वाहते. आई सांगलीला एकटी, वय ७१. ओव्यांच्या कुठल्याशा गटात तिला इंदूरच्या एक बाई भेटल्या. रोज तासभर फोन. मी इथून घाबरलो. विचारलं, आई, तू त्यांचं ओळखपत्र वगैरे काही बघितलंस का? म्हणाली, तुझ्या सासरच्यांचं बघितलं होतं का?

बाकी चालू द्या.

---

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी १०:१०

धागाकर्तीला दंडवत. वीस वर्षांची मुलगी मोडी वाचतेय, बाकीचं नंतर बोलू.

तंजावरशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी चार ओळी. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, भिंतभर. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. हे वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे तिकडची मुलगी इकडच्या मुलीला 'छ' समजावतेय यात मला नवल वाटत नाही, आनंद वाटतो.

आणि 'छ' चुकला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग त्याखाली अक्षरं लोंबकळवत जातात. त्यात सालं अरबी, 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन निघत नाही. मी पहिल्या वर्षी एका वतनदाराला त्याच्या जन्माआधी वारसा दिला होता.

---

खानदेशी_ठेचा | बुधवार, सकाळी १०:२५

ते ५९९ की ६०० कधी ठरवायचं?

---

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी १०:४०

शुहूर सन, म्हणजे हीच अरबी सालं, मृगाला बदलतात, म्हणजे मे अखेर-जून सुरुवातीला. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उदाहरणार्थ...

---

व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ११:००

धागा भरकटतोय. मोडीसाठी वेगळा धागा काढावा, तिथे आम्हीही वाचू. इथे मूळ प्रश्नावर लिहावे. तसेच कोणीही 'कावेरी'चे खरे नाव, पत्ता वा गटाचे नाव विचारू नये. वरचे दोन प्रतिसाद त्यासाठी उडवले आहेत.

---

टाक_बोरू | गुरुवार, रात्री १०:३०

काल प्रयत्न केला. फसला.

खानदेशीदादांचं ऐकून भाजी निवडताना बसले. गवार होती. मी म्हटलं, आई, एक सांगायचंय. तिने गवार खाली ठेवली आणि म्हणाली, कोण आहे तो?

मी म्हटलं, तो नाही गं, ती. आईचा चेहरा आणखीच गोंधळला. तेवढ्यात लाइट गेली. अंधारातून धाकटा भाऊ ओरडला, 'कावेरीचं सांगू नकोस, आधी माझा रिचार्ज मार!' त्याला तीन महिन्यांपासून सगळं माहितेय आणि तो त्यावर जगतोय. आई म्हणाली, कावेरीचं काय? मी म्हटलं, तिला ताप आलाय.

आज डब्यात मऊ भात आणि मेतकूट होतं.

---

कट्टेकरी | गुरुवार, रात्री १०:३४

कुठे फेडशील ही पापं.

---

सांजवात | गुरुवार, रात्री १०:५१

हसले, मग वाईट वाटलं. अगं, आता थांबू नकोस. तू आईला इंटरनेटबद्दल सांगायचं म्हणून घाबरतेस, आणि मला वाटतं गोष्ट मेतकुटाची आहे.

---

निवृत्त_पण_प्रवृत्त | शुक्रवार, सकाळी ५:५५

माझा आधीचा प्रतिसाद मी परत वाचला. व्यक्ती खरी असावी, मान्य. गुरुजींचा दुवा महत्त्वाचा आहे. तरी एक सांगतो. माझ्या थोरलीने कॉलेजात असताना अशीच एक गोष्ट दोन वर्षं लपवली. काय ते लिहीत नाही, क्षुल्लक होती. कळल्यावर मला त्या गोष्टीचा राग आला नाही. दोन वर्षं ती माझ्यासमोर रोज चहा पीत होती आणि मला ओळखू आले नाही, याचा आला. स्वतःचाच. पण बोललो तिला.

वडिलांनी बोल लावले तर ऐकून घ्या. उत्तर देऊ नका.

---

टाक_बोरू | रविवार, रात्री ११:४५

सांगितलं. शुक्रवारी रात्रीच.

आई पोळ्या लाटत होती. मी तव्याशी. मी म्हटलं, आई, कावेरी हॉस्टेलला नाही राहत. ती म्हणाली, मग खोली घेतली का? म्हटलं, तंजावरला राहते. सुट्टीला गेलीय? नाही, तिथेच राहते. इकडे कधी आलेलीच नाही. आमची ओळख मोडीच्या गटातली, फोनवरची.

आईने गॅस बंद केला. पोळी तव्यावर तशीच. मला वाटलं आता मोबाइल मागणार.

तिने विचारलं, 'मग डबा?'

मी जतच्या दोघींचं सांगितलं. ती काही बोलेना. मग म्हणाली, 'दिवाळीत मी चिठ्ठी घातली होती.'

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या डब्यात तिने वरती चिठ्ठी ठेवली होती, कावेरीच्या नावाने. 'कडबोळी जरा नरम झालीत, चहात बुडवून खा. सुट्टीत घरी जाणार नसशील तर आमच्याकडे ये.' मी तिचा फोटो कावेरीला पाठवला होता. आईचं अक्षर लागायला तिला मोडीपेक्षा जास्त वेळ लागला. आणि तिने उत्तर लिहिलं होतं. टाकाने, मोडीत, पानभर. त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये पाच महिने पडून आहे. आईला दाखवणार कसा? हॉस्टेलची मुलगी समोर राहून मोडीत पत्र का लिहील?

मी फोन काढून तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, फोन घेतला, लांब धरून बघितला. म्हणाली, वाच.

मी वाचलं. 'तीर्थस्वरूप मातोश्री यांसी, कावेरीचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. कडबोळी पावली नाही. चिठ्ठी पावली.' पुढे तिच्या घरी दिवाळीला काय काय करतात ते होतं. शेवटी, 'आमचे आईस आपले अक्षर दाखविले, तिला वाचता येत नाही, तरी तिने हात फिरविला. मुक्काम तंजावर.' तिला जुन्या पत्रांखेरीज दुसरं लेखी मराठी फारसं माहीत नाही, त्यामुळे ती लिहिते अशीच.

आई म्हणाली, पोळी करपली. बस, एवढंच.

शनिवारी डब्यात तीन पोळ्या. मोजून तीन, माझ्यापुरत्या. जतच्या दोघींनी डबा बघितला आणि गप्प बसल्या. आज दिवसभर आई कामापुरतं बोलली. बाबांना तिने काय सांगितलं माहीत नाही, पण जेवताना ते म्हणाले, 'त्या मुलीच्या वडिलांचा नंबर दे.' मी दिला. बाहेर ओट्यावर जाऊन त्यांनी फोन लावला. मला हातापायाला घाम.

---

गोंयकार_पात्रांव | सोमवार, सकाळी ८:०२

कोणालो तो! आला प्रश्न.

---

खानदेशी_ठेचा | सोमवार, सकाळी ८:२०

अहो, फोनवर काय झालं? एसटीत बसून तरी लिहा.

---

सांजवात | सोमवार, सकाळी ८:४५

कडबोळी पावली नाही, चिठ्ठी पावली. मी ऑफिसात डोळे पुसतेय.

तीन पोळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या जागी मी असते तर पहिले दोन दिवस डबाच दिला नसता.

---

टाक_बोरू | सोमवार, रात्री ९:१५

बाबा वीस मिनिटं बोलले. दार ओढून घेतलं होतं, त्यामुळे एका बाजूचंच, तेही तुटक ऐकलं. 'हो हो... अच्छा, तीनशे वर्षं?... नाही, आम्ही मूळचे पसरणीचे...' मग बराच वेळ वायरिंगबद्दल. कावेरीच्या वडिलांनी नवं घर बांधायला काढलंय आणि इन्व्हर्टर कुठला घ्यावा यावर बाबांनी त्यांना बरंच सुनावलं. आत येऊन म्हणाले, 'आपलीच भाषा आहे, पण जरा थांबून ऐकावी लागते. तेवीस तारखेला पुण्याला मी येतो. दुकान बंद ठेवीन एक दिवस.' थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता, 'आणि पुढच्या वेळेला कॉलेजातली आहे म्हणायच्या आधी विचार कर.' निवृत्त काका, मी उत्तर दिलं नाही.

आई अजून पूर्ण बोलत नव्हती. आज संध्याकाळी कावेरीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. दोघी आधी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तिकडून विचारलं, आमटीत तुम्ही चिंच घालता की आमसूल? आई म्हणाली, आम्ही चिंच, कोकणात आमसूल. तिथून जे सुरू झालं ते पाऊण तास. मधे मधे तमिळ यायचं तेव्हा कावेरी सांगायची. डांगरात कांदा घालायचा की नाही यावर एकमत झालं नाही.

फोन ठेवल्यावर आईने मला विचारलं, त्या जतच्या मुलींची नावं काय? मी सांगितली. कोणाच्या, कुठल्या, घरी कोण कोण, सगळं विचारलं. मग म्हणाली, 'रविवारी जेवायला बोलव दोघींना. चौदा महिने माझं खाल्लंय, तोंडं तरी बघू देत.'

---

निवृत्त_पण_प्रवृत्त | मंगळवार, सकाळी ६:१०

उत्तम. पुण्याहून परतताना वडिलांबरोबरच यावे.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:३०

मोडीचा धागा वेगळा काढलाय. ५९९ ची उदाहरणं तिथे टाकली आहेत. परवानगी असेल तर ते पत्र, नाव झाकून, तिथे वाचायला ठेवा.

---

टाक_बोरू | मंगळवार, सकाळी ९:५०

कावेरीला विचारते. आईलाही विचारावं लागेल, पत्र तिचं आहे.

---

कट्टेकरी | मंगळवार, सकाळी ९:५८

सगळं झालं, पण लाडू कसले ते अजून सांगितलं नाही.

---

टाक_बोरू | मंगळवार, सकाळी १०:०३

तिळाचे. निम्मे मीच खाल्ले.